टिकाऊ चाके, आटोपशीर खर्च

रोड बाइक स्वतः जुळवायला घेतलेला माणूस फ्रेम निवडण्यात महिनाभर घालवतो, गिअरसेटची किंमत दहा ठिकाणी विचारतो आणि उरलेल्या पैशांत बसतील ती चाके घेऊन मोकळा होतो. घाटात, खड्ड्यांत आणि पावसात सायकलवर पडणारा मार मात्र सर्वांत आधी चाकेच खातात. चांगली फ्रेम पंधरा-वीस वर्षे सहज टिकते. निकृष्ट चाक पहिल्याच पावसाळ्यानंतर डुगडुगू लागते, दर महिन्याला त्याचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढावा लागतो आणि शेवटी एकेक तार तुटू लागते.

यावर महागडी चाके घेणे हा उपाय नाही. रोड बाइकच्या बाजारात वाढत्या किमतीबरोबर बहुतेक वेळा वजन कमी होत जाते. टिकाऊपणा वाढेलच असे नाही, कधी तो घटतोही. टिकाऊ चाकाची ओळख दोन गोष्टींत आहे. त्याचा प्रत्येक भाग सुटा बदलता येतो आणि त्याच्या तारा पुरेशा व सारख्या ताणात बांधलेल्या असतात. या दोन कसोट्या लावल्या, तर मध्यम किमतीतच उत्तम चाके सापडतात.

भार पेलणाऱ्या तारा

बैलगाडीच्या चाकात ओझे खालच्या आऱ्यावर उभे असते. लाकडाचा जाड आरा तो दाब सोसतो. सायकलची तार जेमतेम २ मिलिमीटर जाडीची. ती दाबली की वाकते, पण ओढली तर प्रचंड जोर सहन करते. म्हणून ती आधीच ताणून बसवतात. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी आपल्या उडत्या यंत्रासाठी हलके चाक हवे म्हणून १८०८ मध्ये अशा ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना मांडली. पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी १८६९ मध्ये सायकलच्या तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. कॉव्हेन्ट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी १८७४ मध्ये तारा चाकाच्या मधल्या हबमधून सरळ बाहेर न नेता तिरक्या नेण्याची रचना पेटंट केली. आजही बहुतेक चाके याच रचनेची असतात. पेडल मारल्यावर हबला बसणारा पीळ रिमपर्यंत पोचवण्याचे काम या तिरक्या ताराच करतात.

चांगल्या बांधलेल्या मागच्या चाकात गिअरच्या बाजूच्या प्रत्येक तारेवर १०० ते १२० किलोचा ताण असतो. गिअरच्या दातेरी चकत्यांच्या संचाला, म्हणजे कॅसेटला, जागा देण्यासाठी हब एका बाजूला सरकलेला असल्यामुळे डावीकडच्या तारांवर तो बराच कमी, अनेकदा निम्म्याच्या आसपास भरतो. ३२ तारांचा एकूण ताण मिळून अडीच टनांच्या पुढे जातो. दीड-दोन किलोची चाकांची जोडी माणसासकट शंभर किलोचे ओझे पेलते ती या ताणाच्या बळावर.

सायकलवर बसले की जमिनीलगतच्या चार-पाच तारांचा ताण थोडा उतरतो. चाक पुढे फिरले की तो पूर्ववत होतो. २८ मिलिमीटरच्या टायरचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ४७० वेळा फिरते. म्हणजे ६०० किलोमीटरच्या एका ब्रेव्हेमध्ये, ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीत, प्रत्येक तार जवळपास पावणेतीन लाख वेळा सैल-घट्ट होते. तार तुटते ती बहुधा एखाद्या मोठ्या धक्क्याने नव्हे, या अखंड ओढाताणीने धातू थकल्यामुळे. तीही बहुतेक वेळा हबपाशी, जिथे तिला वाक दिलेला असतो तिथे.

मूळ ताण पुरेसा असेल, तर खाली आलेली तार थोडी उतरते, पण सैल पडत नाही. ताण कमी असेल तर ती दर फेऱ्याला पूर्ण सैल होते, वाकापाशी हलते आणि तिला रिमपाशी धरणारे निपलही हळूहळू उलटे फिरून सुटत जाते. तारा जास्त कसल्या म्हणजे तुटतील, असा समज पुष्कळांचा असतो. प्रत्यक्षात मर्यादेच्या आत नीट कसलेली तार वाचते आणि ढिली तार तुटते.

किती तारा, कोणत्या तारा

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० तारा असत. ही पद्धत ब्रिटिश रोडस्टरकडून आली आणि तिच्यामागचे कारण साधे होते. मागच्या चाकावर ओझे जास्त, म्हणून तारा जास्त. दुधाच्या कॅन, गव्हाची पोती आणि कॅरिअरवरचे दुसरे माणूस त्या चाकांनी वर्षानुवर्षे वाहिले. रोड बाइकला ४० तारांची गरज नाही, पण मागच्या चाकाला पुढच्यापेक्षा जास्त बळ द्यायचे, हा नियम आजही लागू आहे.

स्वाराचे वजन ६५ किलोच्या आत असेल तर पुढे २४ आणि मागे २८ तारा पुरतात. ६५ ते ८५ किलोच्या स्वाराने पुढे २८ आणि मागे ३२ घ्याव्यात. वजन त्याहून जास्त असेल, सायकलला सामानाच्या पिशव्या लावायच्या असतील किंवा रस्ते कायमच खराब असतील, तर दोन्हीकडे ३२, जमल्यास मागे ३६. चार तारा वाढल्याने चाकाचे वजन पंचवीस-तीस ग्रॅमच वाढते.

तारा जास्त असण्याचा खरा लाभ तार तुटल्यावर कळतो. ३२ तारांच्या चाकातली एक तुटली तर चाक थोडे डुगडुगते. ब्रेक जरा मोकळा करून घरापर्यंत येता येते. २० तारांच्या चाकातली एक तुटली तर रिम इतकी वाकडी होते की ती ब्रेकला, कधी फ्रेमलाही घासू लागते. ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला ४० तासांची मुदत असते. रात्री दोन वाजता निर्जन घाटात चाक अडकले, तर मोहीम तिथेच संपते.

तारेचा प्रकारही महत्त्वाचा. सरसकट २ मिलिमीटर जाडीची तार स्वस्त असते. दोन्ही टोकांना २ आणि मधे १.८ मिलिमीटर असलेली तार थोडी महाग, पण जास्त टिकते. मधला बारीक भाग किंचित जास्त ताणला जातो, त्यामुळे झटका हबपाशी साचत नाही आणि तार सहजासहजी सैल पडत नाही. बेल्जियमच्या सापिम आणि स्वित्झर्लंडच्या डीटी स्विस या कंपन्यांच्या अशा स्टेनलेस तारा भारतात मिळतात. चाकाच्या एकूण किमतीत हा जादा खर्च लहान आहे आणि तो जरूर करावा.

निपल पितळीच घ्यावीत. ॲल्युमिनियमच्या निपलांनी पूर्ण जोडीमागे चाळीसेक ग्रॅम वाचतात. पण खारी हवा आणि ओल मिळाली की स्टीलची तार आणि ॲल्युमिनियमचे निपल यांच्यात गंज धरतो, निपल तारेला चिकटते आणि आउट काढताना फुटते. मुंबई, कोकण आणि गोव्यात राहणाऱ्याने या चाळीस ग्रॅमचा मोह धरूच नये.

शक्यतो हबपाशी वाक असलेली साधी तार घ्यावी. सरळ टोकाच्या किंवा पट्टीसारख्या खास तारा कारखान्यातून आलेल्या अनेक चाकांत असतात. त्या वाईट नसतात. मात्र सांगली किंवा चिपळूणच्या दुकानात त्या मापाची तार मिळण्याची शक्यता फार कमी असते. साधी तार हव्या त्या लांबीत मिळवता येते आणि दोन-चार जास्तीच्या तारा घरी ठेवताही येतात.

रिम : रुंदी, भिंत आणि झीज

रोड बाइकच्या रिमचे माप ६२२ मिलिमीटर, म्हणजेच ७०० सी. हायब्रिड आणि ट्वेंटीनाइनर माउंटन बाइकच्या रिमचा व्यासही हाच असतो. काळ्या सायकलच्या २८ × १½ इंची चाकाचे माप मात्र ६३५ मिलिमीटर आहे. दोन्हींना बोलताना अठ्ठावीस इंची म्हटले तरी एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायर आणि रिम विकत घेताना त्यांवर छापलेला ६२२ हा आकडा पाहूनच पैसे द्यावेत.

दुसरे माप आतल्या रुंदीचे. जुन्या रोड रिम आतून १५ मिलिमीटर रुंद असत. आज २८ मिलिमीटरच्या टायरसाठी १९ ते २१ मिलिमीटरची रिम योग्य ठरते. रुंद रिमवर टायर नीट पसरतो, कमी हवेवर चालतो आणि खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत पोचण्याआधी बराच शोषून घेतो. ७५ किलोच्या स्वाराला २८ च्या टायरमध्ये ७० ते ८० पीएसआय हवा आपल्या रस्त्यांवर पुरते. रिम वाचवायची असेल तर फ्रेममध्ये मावेल तेवढा रुंद टायर लावणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

रिम ॲल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची आणि साधारण ४५० ते ५३० ग्रॅमची घ्यावी. तिची उंची २४ ते ३० मिलिमीटर असली की ती पुरेशी ताठ असते. चारशे ग्रॅमच्या आतली रिम हलकी असते, पण खड्ड्यात तिची कड लवकर चेपते आणि निपलाच्या भोकांपाशी तडे जाण्याचा धोका वाढतो.

साध्या रिमची ताकद पाहायची असेल तर फ्रान्समधली पॅरिस-रूबे ही शर्यत आठवावी. १८९६ पासून चाललेल्या या शर्यतीत अडीचशेहून अधिक किलोमीटरपैकी पन्नासच्या वर किलोमीटर रस्ता ओबडधोबड दगडांचा असतो. जगातली हवी ती चाके हाताशी असलेले व्यावसायिक संघ या शतकाच्या पहिल्या दशकातही त्या एका दिवसासाठी ३२ तारांची, ॲल्युमिनियमच्या बसक्या रिमची, हाताने बांधलेली चाके काढत. २०१० मध्ये फॅबियन कान्चेलारा कार्बन रिमवर जिंकले आणि त्यानंतर चित्र पालटले. कार्बन आता मजबूत झाले आहे, पण त्याची मजबुती स्वस्तात मिळत नाही. रिमवर दाबणारे ब्रेक असलेल्या सायकलला स्वस्त कार्बन रिम लावून लांब घाट उतरणे धोक्याचे आहे. सतत ब्रेक लावल्याने रिम तापते, तिच्यातले रेझिन मऊ पडते आणि कड सुटू शकते.

बिनहुकाच्या, म्हणजे टायरची कड अडकवणारा हुक नसलेल्या, रिमबाबतही सावध राहावे. तिच्यावर तिच्यासाठी मान्य केलेला ट्यूबलेस टायरच चालतो आणि हवेची कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे सुमारे ७२ पीएसआय असते. जास्त वजनाच्या आणि अरुंद टायर वापरणाऱ्या स्वाराला ती सोयीची नाही. हुक असलेली रिम साध्या ट्यूबच्या टायरलाही चालते आणि असे टायर कुठेही मिळतात.

रिम ब्रेकच्या सायकलीत रिम हा झिजणारा भाग आहे. पावसाळ्यात रस्त्यावरची रेती आणि चिखल ब्रेकच्या रबरात रुततो आणि प्रत्येक दाबाबरोबर ॲल्युमिनियम खरवडले जाते. नव्या रिमची ब्रेकची भिंत साधारण दीड मिलिमीटर जाड असते. ती झिजून १ मिलिमीटरच्या आत आली की रिम बदलावी, नाहीतर टायरमधल्या हवेच्या दाबाने भिंत फाटू शकते. अनेक रिमवर झीज दाखवणारा खळगा किंवा चर असतो. तो दिसेनासा झाला की रिमचे आयुष्य संपले. चर नसेल तर भिंतीवर सरळ पट्टी आडवी धरावी. मधे पोकळी दिसली तर झीज बरीच झाली आहे. पावसातून आल्यावर रिम पुसणे आणि ब्रेकच्या रबरातले चमकते कण सुईने काढणे, एवढ्याने रिमचे आयुष्य चांगलेच वाढते. डिस्क ब्रेकच्या सायकलीत ही झीज होतच नाही. बाराही महिने पावसापाण्यात सायकल चालवणाऱ्याने नवी फ्रेम घेताना हा मुद्दा जरूर लक्षात घ्यावा.

हब : जो उघडता येतो तो

हब निवडण्याआधी फ्रेमचे माप पक्के करावे. रिम ब्रेकच्या रोड बाइकमध्ये पुढे १०० आणि मागे १३० मिलिमीटर अंतर असते व चाक क्विक रिलीजने बसते. आजच्या डिस्क रोड बाइकमध्ये १२ मिलिमीटरचा आरपार ॲक्सल असतो, पुढे १०० आणि मागे १४२ मिलिमीटरचा. कॅसेट बसते तो फ्रीहबही जुळला पाहिजे. शिमानोच्या ११ स्पीड रोड कॅसेटला जुन्या १० स्पीडपेक्षा १.८५ मिलिमीटर लांब फ्रीहब लागतो. शिमानोच्या १२ स्पीड रोड कॅसेटही या ११ स्पीडच्या फ्रीहबवर बसतात. त्यामुळे आज ११ स्पीडचा हब घेतला तर पुढे गिअर बदलले तरी चाके तीच राहतात. जुन्या १० स्पीडसाठी त्यावर एक पातळ स्पेसर घातला की काम भागते.

बेअरिंगचे दोन प्रकार आहेत. शिमानोच्या हबमध्ये सुटे छर्रे आणि कोन असतात. वर्षातून एकदा, तेही पावसाळा संपल्यावर, हब उघडून जुने ग्रीस पुसावे, छर्रे बदलावेत, नवे ग्रीस भरून कोन नीट बसवावेत. मागच्या हबमधले पाव इंची छर्रे अगदी किरकोळ किमतीत मिळतात. मात्र ही देखभाल टाळली आणि आतली वाटी खरवडली, तर ती बदलता येत नाही आणि हब टाकून द्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात बंद बेअरिंग असतात. ६९०२ किंवा ६००१ अशा प्रमाणित क्रमांकाचे बेअरिंग असेल, तर ते सायकलच्या दुकानात नसले तरी शहरातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळते. मागताना दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले मागावे. स्वतः हब उघडण्याची आवड असलेल्याने पहिला प्रकार घ्यावा, ज्याला ते जमणार नाही त्याने दुसरा.

फ्रीहबची बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर कॅसेटचे सुटे दाते तिच्यात रुतून खाचा पाडतात आणि पुढे कॅसेट काढताना हातोडी घ्यावी लागते. स्टीलची बॉडी जड असते, पण हा त्रास देत नाही. टिकाऊ बांधणीसाठी स्टीलची बॉडी किंवा स्टीलची पट्टी बसवलेली ॲल्युमिनियमची बॉडी निवडावी.

तीनशे ग्रॅमचा हिशेब

दुकानदार चाकांचे वजन सांगून किंमत पटवू पाहतो. त्या वजनाचा हिशेब मांडून पाहू. स्वार, सायकल, पाणी आणि कपडे मिळून ८५ किलो धरू. तीनशे ग्रॅम हलकी चाके घेतली तर एकूण वजन सुमारे ०.३५ टक्के घटते. सिंहगडाचा घाट चढायला ज्याला एक तास लागतो, त्याचे यामुळे जास्तीत जास्त बारा-तेरा सेकंद वाचतील. फिरत्या भागाचे वजन वेग वाढवताना जवळपास दुप्पट जाणवते, हे खरे आहे. संथ, एकसारख्या चढावर मात्र चाकातले शंभर ग्रॅम आणि बाटलीतले शंभर मिलिलिटर पाणी यांत काही फरक राहत नाही. शर्यतीत शेवटच्या वळणावर झेप घेणाऱ्याला हे सेकंद मोलाचे वाटतील. कामावर जाणारा, रविवारी लोणावळ्यापर्यंत जाऊन येणारा किंवा ब्रेव्हे करणारा स्वार त्यासाठी दुप्पट पैसे मोजत असेल, तर तो तोट्यात आहे. तेच पैसे चांगल्या टायरवर खर्च केले तर वेग, पकड आणि आराम तिन्ही वाढतात.

बांधणाऱ्याचे हात

उत्तम रिम, तारा आणि हब आणून वाईट बांधले, तर चाक वाईटच होते. मध्यम प्रतीच्या सामानाचे नीट बांधलेले चाक हजारो किलोमीटर आउट काढल्याशिवाय चालते. म्हणून चाक बांधणारा कारागीर शोधणे, हा खरेदीचाच भाग समजावा. त्याला तीन प्रश्न विचारावेत. तारांचा ताण मोजायचे मीटर आहे का? बांधून झाल्यावर तारांच्या जोड्या हाताने जोराने दाबून बसवता का? पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर चाक पुन्हा तपासून द्याल का? दाबण्याने तारांचे वाक हबवर नीट बसतात आणि वळवताना धातूत राहिलेला ताण निघून जातो. ही पायरी गाळली तर नवे चाक पहिल्या आठवड्यातच ढिले पडते.

कारखान्यात बांधलेली तयार चाकेही वाईट नसतात. किंबहुना सुटे सामान आणि मजुरी यांची बेरीज केली तर शिमानोसारख्या कंपनीची प्राथमिक श्रेणीतली जोडी बहुधा स्वस्त पडते. हात आखडता असेल तर तीच घ्यावी. फक्त तारा साध्या मिळणाऱ्या आहेत ना, हे पाहावे आणि सायकलला लावण्यापूर्वी एकदा जाणत्या कारागिराकडून सर्व तारांचा ताण सारखा करून घ्यावा. यंत्राने बांधलेल्या स्वस्त चाकांत बहुतेक वेळा ताण कमी असतो. ही मजुरी हा सर्वांत फायद्याचा खर्च आहे.

दुकानात किंवा जुनी चाके घेताना घरच्या घरी करण्यासारखी तपासणी अशी. चाक फिरवून रिम डावी-उजवीकडे आणि वर-खाली किती हलते ते पाहावे. एका बाजूच्या सर्व तारा नखाने छेडून ऐकाव्यात. स्वर साधारण एकच असावा, एखादी बद्द वाजली तर ती ढिली आहे. निपलांच्या भोकांभोवती बारीक तडे आहेत का, ते उजेडात पाहावे. ॲक्सल बोटांनी फिरवून खरखर किंवा सैलपणा जाणवतो का, ते पाहावे. ब्रेकच्या भिंतीवरून बोट फिरवून पोकळी तपासावी. जुनी कार्बन रिम, तिचा इतिहास ठाऊक नसेल तर, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

खर्च किलोमीटरमागे मोजा

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे केवळ हिशेब समजण्यासाठी धरले आहेत. समजा, दोन रिमचे ७,००० रुपये, हबच्या जोडीचे ६,०००, साठ तारा व निपलांचे ३,००० आणि मजुरीचे २,००० असे १८,००० रुपयांत चाके बांधून झाली. काही वर्षांनी रिम झिजल्या. हब शाबूत आहेत. नव्या रिम, नव्या तारा आणि मजुरी मिळून १२,००० रुपयांत चाके पुन्हा नवी झाली. एकूण खर्च ३०,०००. दुसऱ्याने २२,००० रुपयांची हलकी, खास तारांची चाके घेतली. रिम झिजल्यावर सुटी रिम मिळेना, म्हणून त्याने तशीच दुसरी जोडी घेतली. त्याचे ४४,००० गेले. अंतर दोघांनी सारखेच कापले.

खरेदीला निघताना सोबत न्यायची यादी लहान आहे. दुहेरी भिंतीची, १९ ते २१ मिलिमीटर रुंदीची, हुक असलेली ॲल्युमिनियमची रिम. पुढे २८ आणि मागे ३२ साध्या वाकाच्या, मधे बारीक स्टेनलेस तारा, प्रत्येक तार वाटेत तीन तारांना छेदेल अशा विणलेल्या. पितळी निपल. उघडता येणारा, स्टीलच्या फ्रीहबचा हब. फ्रेममध्ये मावणारा सर्वांत रुंद टायर. एवढे जुळले की बांधणाऱ्या कारागिराची मजुरी घासाघीस न करता द्या. वजनाचा आकडा सर्वांत शेवटी विचारा आणि त्याआधी हे विचारा की यातला कोणता भाग मोडला तर तो सुटा, आपल्याच गावात आणि एका दिवसात मिळेल का. ज्या चाकांबद्दल याचे उत्तर हो असे येईल, तीच घ्या.